मांडवीची खोटी चिठ्ठी

इच्छापोरच्या आमच्या गच्चीवरून डोंगर दिसत नाही. दिसतात हजिऱ्याकडच्या चिमण्या, त्यातल्या एकीच्या टोकाला रात्रंदिवस जळणारी ज्योत, हिऱ्यांच्या औद्योगिक वसाहतीतल्या इमारती आणि सुरत-हजिरा रस्त्यावरची ट्रकांची न तुटणारी रांग. तापी इथून जवळच आहे. पण इथवर येईतो ती नदी राहत नाही, भरती-ओहोटीबरोबर दिशा बदलणारं गढूळ खारं पाणी होते. माझं माहेर शहादे तालुक्यातलं. लहानपणी प्रकाशाच्या घाटावर आजीचा हात धरून ज्या तापीत पाय सोडले, तीच नदी इथे समुद्राला मिळताना रोज पाहते. यजमानांच्या नोकरीमुळे बारा वर्षं इथे आहोत आणि तेवढीच वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवते आहे.

भूगोलाच्या पुस्तकात एक वाक्य असतं: पश्चिम घाटाची रांग तापीच्या दक्षिणेला सुरू होते आणि सुमारे १६०० किलोमीटर जाऊन कन्याकुमारीजवळ संपते. भूगोलाच्या बाई रजेवर असल्या की हा धडा माझ्याकडे येतो. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने विचारलं, "टीचर, सुरू होते तिथे कोणते प्राणी आहेत?" पुस्तक 'तापी' म्हणतं आणि पुढच्याच ओळीत महाबळेश्वर, आगुंबे, सायलेंट व्हॅली असं करत दक्षिणेच्या सदाहरित जंगलात पोचतं. सुरू होते तिथे काय आहे, ते सांगायला पुस्तक थांबत नाही. मलाही सांगता आलं नाही. त्या मुलीला मी 'पुढच्या तासाला सांगते' म्हटलं, आणि घरी येऊन शोधायला बसले. त्या शोधातून हा प्रवास झाला.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही निघालो. मी आणि माझा भाचा. तो नवापूरला राहतो, एम.एस्सी. करतो, गाडी चांगली चालवतो. इच्छापोरहून पहाटे पाचला निघून सुरत मागे टाकलं आणि उसाच्या शेतांमधून मांडवीकडे वळलो. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा मुद्दाम निवडला होता. २५ नोव्हेंबर १९९७ या दिवशी सकाळी, माझ्या माहेरापासून फार दूर नाही अशा शहाद्याजवळच्या जंगलात, बेन किंग, पामेला रासमुसेन आणि डेव्हिड अ‍ॅबट या तिघा अमेरिकन अभ्यासकांना रानपिंगळा नावाचं लहान घुबड दिसलं होतं. जगाच्या हिशेबी तो पक्षी ११३ वर्षं बेपत्ता होता. मी तेव्हा बारावीला होते. आमच्या गावात त्या दिवशी काही घडलं आहे हे कुणालाच कळलं नाही. पुढे मी प्राणिशास्त्राची पदवी घेतली. ज्या कॉलेजात घेतली त्याचं नाव इथे लिहीत नाही. तीन वर्षं आम्ही बेडूक आणि झुरळं चिरली, सातपुडा खिडकीतून दिसत असताना एकदाही कुणी आम्हाला त्यात नेलं नाही. रानपिंगळ्याबद्दल मला कळलं ते वर्तमानपत्राच्या एका जुन्या पानावरून. त्याची खंत अजून आहे.

मांडवी हे तापीकाठचं लहानसं गाव. चहा घेऊन आम्ही नदीवर गेलो. धुकं होतं, पाणी संथ होतं, घाटावर दोन बाया कपडे धूत होत्या. इथे पाहण्यासारखं काही नाही असं कुणी म्हणेल. मी मात्र या गावाचं नाव गेली दोन वर्षं मनात घोळवत होते.

रानपिंगळ्याची गोष्ट थोडी मागून सांगायला हवी. १८७२ साली एफ. आर. ब्लेविट या इंग्रज अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडच्या भागात एक लहान घुबड मारलं. १८७३ साली अ‍ॅलन ह्यूम यांनी (हेच ते काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम) त्याला ब्लेविटचं नाव दिलं. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या खानदेशातल्या मुलकी अधिकाऱ्याने शहादे-तळोद्याच्या बाजूला आणखी काही पक्षी गोळा केले, शेवटचा १८८४ साली. मग काही नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे सातच नमुने, आणि त्यांतल्या एकाच्या पायाला बांधलेली चिठ्ठी सांगत होती: मांडवी, तापी नदी, १९१४. गोळा करणारा कर्नल रिचर्ड माइनर्टझागेन.

माइनर्टझागेन हे ब्रिटिश सैन्यातलं बडं नाव, पक्षिशास्त्रात त्याहून मोठं. त्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला मिळाला, त्यांच्या नोंदी ग्रंथांत गेल्या, ग्रंथांतून नकाशांत उतरल्या. शंका घ्यायची कुणी? रानपिंगळा १९१४पर्यंत होता आणि तो तापीच्या खालच्या खोऱ्यातही राहतो, हे पुढची ऐंशी वर्षं खरं धरलं गेलं. सत्तरच्या दशकात सलीम अली आणि डिलन रिपली यांनी या पक्ष्याचा शोध घेतला, तेव्हाही ती नोंद ग्रंथांत खरीच होती. पक्षी सापडला नाही.

नव्वदच्या दशकात रासमुसेन यांनी संग्रहालयातले हे नमुने एकेक करून तपासले. मांडवीचा म्हणून ठेवलेला पक्षी पुन्हा उसवून भरलेला होता. पण मूळ भरणाऱ्याच्या हाताच्या खुणा पूर्ण पुसता आल्या नव्हत्या, आणि त्या खुणा डेव्हिडसनच्या होत्या. म्हणजे माइनर्टझागेन यांनी संग्रहालयातलाच खानदेशचा एक जुना नमुना उचलला, नवा साज चढवला आणि त्यावर स्वतःची चिठ्ठी बांधली. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ साली हे सगळं पुराव्यानिशी छापलं. त्याआधीच, १९९७मध्ये शोधाला निघताना, त्या मंडळींनी मांडवीचं नाव यादीतून काढलं होतं. खऱ्या चिठ्ठ्यांच्या जागांवर ते गेले आणि शहाद्याला पक्षी मिळाला.

घाटावर बसून भाच्याला हे सांगत होते. तो म्हणाला, "म्हणजे मावशी, आपण जिथे काहीच घडलं नाही अशा ठिकाणी आलोय."

हो, पण मला ते ठिकाण पाहायचं होतं. संग्रहालयातला तो पक्षी खराच आहे, खोटी आहे ती चिठ्ठी. एका माणसाने चार शब्द खोटे लिहिले आणि एका अख्ख्या प्रदेशाबद्दलची समजूत ऐंशी वर्षं वाकडी राहिली. हे होऊ शकलं, कारण ती नोंद पडताळायला या जंगलात फारसं कुणी फिरत नव्हतं. जिथे दहा माणसं सतत फिरत असतात तिथे एकाचं खोटं टिकत नाही. अज्ञानाची जागा रिकामी राहत नाही. तिच्यात कुणीतरी काहीतरी लिहून ठेवतं.

गोष्ट इथेही संपत नाही. मांडवीचं नाव पुसलं गेलं आणि दक्षिण गुजरात रानपिंगळ्याच्या नकाशातून बाहेर पडला. हा सातपुड्याच्या आणि मध्य भारताच्या कोरड्या सागवनाचा पक्षी, असं मानलं जाऊ लागलं. आणि मग २०१४ साली मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातून त्याची बातमी आली, पाठोपाठ २०१५ साली डांगच्या पूर्णा अभयारण्यातली नोंद प्रसिद्ध झाली. पूर्णा अभयारण्यातलं महाल हे गाव मांडवीपासून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर. तो तिथेच होता. खोटी नोंद खरी धरून लोकांनी त्याला मानलं, नोंद खोटी ठरल्यावर अमान्य केलं. दोन्ही वेळा माणसं कागद वाचत होती.

मांडवीहून व्यारा. व्यारा ओलांडलं की जमीन उठायला लागते. भाताची खाचरं कापून झाली होती, नागलीच्या कणसांचे आवळलेले भारे घरांपुढे रचले होते, आणि अचानक दोन्ही बाजूंना साग. साग, ऐन, कळम, हेद, खैर, मधूनच शिसव, ओढ्यांच्या काठाने काटस बांबूची दाट बेटं. पानं अजून होती, पण कडा तांबूस व्हायला लागल्या होत्या. फेब्रुवारी-मार्चला हे जंगल जवळजवळ उघडं पडतं. या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुण्याहून आलेल्या माणसाला हा आकडा भरपूर वाटेल. पण तो सगळा चार महिन्यांत पडतो आणि मग सात-आठ महिने थेंब नाही. पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला कोरडे महिने दोन-तीनच, उत्तरेला सरकत जावं तसे ते वाढत जातात. पुदुच्चेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेल्या झाँ-पिएर पास्कल यांनी हा हिशेब नीट मांडून दाखवला. वर्षावनाला नुसता पाऊस पुरत नाही, कोरडा काळ लांबला की सदाहरित झाडं ओढ्यांच्या घळीत सरकतात आणि उतार पानगळीच्या झाडांना मिळतात.

डांगचं दुर्दैव इथूनच सुरू होतं असं मला वाटतं. हे 'खरं' वर्षावन नाही, म्हणून वर्षावनाचे अभ्यासक दक्षिणेला जातात. हे वाघांचं जंगल आता राहिलेलं नाही, म्हणून वाघवाले येत नाहीत. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारसा म्हटलं. महाराष्ट्रातल्या त्यात चार आहेत: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. गुजरातमधली एकही नाही. जागा निवडायला निकष असतात, ते चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. पण निकषात बसायला आधी माहिती लागते, माहितीला अभ्यासक लागतो, आणि अभ्यासक जातो तो आधीच नाव झालेल्या जंगलात. हे चक्र जगभर आहे. उष्ण कटिबंधातल्या जंगलांबद्दल पुस्तकांत जे लिहिलेलं असतं, त्याचा मोठा वाटा पनामाचं बारो कोलोराडो बेट, कोस्टा रिकाचं ला सेल्वा अशा मोजक्या संशोधन केंद्रांवरून आलेला आहे. आफ्रिकेतल्या पक्ष्यांच्या जुन्या नोंदी नकाशावर मांडल्या, तर पक्ष्यांआधी रस्ते आणि नद्या उमटतात, कारण माणूस तिथूनच गेला होता. आपल्याकडे वेगळं कसं असेल?

डांगला तर दुसरंच एक मोजमाप लागलं. १८४२ साली इंग्रजांनी इथल्या भिल्ल राजांकडून जंगलाचा भाडेपट्टा घेतला, तो सागासाठी. मुंबईच्या गोदीला सागवान हवं होतं. त्यानंतर शंभर वर्षांहून जास्त काळ या जंगलात सर्वांत काळजीपूर्वक मोजला गेला तो सागाचा घेर. घनफुटांच्या वह्या भरल्या. सागाच्या पानावर, सालीत, मुळाशी काय राहतं याचे रकाने त्या वह्यांत नव्हते.

दुपारी एका पाटीपाशी मी गाडी थांबवायला सांगितली. पाटीवर गुजरातीत लिहिलं होतं, भेंसकातरी. मी उतरून तिथे उभी राहिले. इंग्रजांच्या लेखनात हे नाव म्हैसकातरी असं येतं, कारण तेव्हा डांग मुंबई इलाख्यात होता आणि नावं सांगणारी तोंडं आपल्या बोलीची होती. १८९७ साली विल्यम ब्लॅनफर्ड यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात शेकरूच्या निरनिराळ्या रूपांवर लेख लिहिला. त्यात सुरत डांगच्या याच गावाजवळून मिळालेल्या एका शेकरूला त्यांनी वेगळं नाव दिलं. भीमाशंकरचा शेकरू लालसर तपकिरी, पोटाशी पिवळट. म्हैसकातरीचा फिका, पांढुरका. झाडांच्या शेंड्यांवरून उड्या मारणारा एक पांढुरका शेकरू, जगात फक्त या डोंगरांत.

तो आता डांगात राहिलेला नाही, असंच मानलं जातं. तो काय खायचा, घरटं कोणत्या झाडावर बांधायचा, तो खरंच वेगळा होता की उन्हाने विटलेला एक रंग होता, हे विचारायला रानपिंगळ्यासारखी दुसरी संधी मिळाली नाही. नाव दिलं, कातडी पेटीत ठेवली, झालं. शेकरूला सलग छत लागतं. एका झाडाची फांदी दुसऱ्या झाडाला भिडलेली हवी, तो जमिनीवर सहसा उतरत नाही. साग निवडून तोडत गेलं की छताला भोकं पडतात, आणि माणसाला जंगल दिसतच राहतं तेव्हा शेकरूचं जंगल संपलेलं असतं. मी पाटीपाशी किती वेळ उभी होते कोण जाणे, भाच्याने हॉर्न दिला तेव्हा हलले. महाराष्ट्राने शेकरूला राज्यप्राणी केलं आहे. त्याचा हा भाऊबंद गेला त्याची आपल्याकडे साधी बातमीही झाली नाही.

महालला पूर्णा नदीच्या काठी वनखात्याचा मुक्काम आहे. पूर्णा अभयारण्य १६० चौरस किलोमीटरचं, १९९० साली जाहीर झालेलं. आमच्याबरोबर येणारे काका जवळच्याच पाड्यावरचे, कुकणा समाजाचे, साठीच्या पुढचे. ते माझ्याशी आधी गुजरातीत बोलत होते, मी अहिराणीत एक वाक्य बोलले आणि त्यांचा चेहरा बदलला. मग ते डांगीत, मी अहिराणीत, असं आमचं छान जमलं. मी त्यांना मोबाइलवर शेकरूचा फोटो दाखवला. त्यांनी लगेच ओळखला. "ह्यो भीमाशंकरला पाहिला बेन, यात्रेला गेलो होतो तव्हा. इथं नाय." वाघदेवाच्या लाकडी खांबावर कोरलेल्या प्राण्यांतही तो नाही, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं.

घुबडाचा फोटो मात्र त्यांनी लांब धरून बराच वेळ पाहिला. पिंगळा आणि रानपिंगळा ओळखणं सोपं नाही. गावातल्या चिंचेवर, जुन्या भिंतीच्या भोकात राहणारा पिंगळा डोक्यावर पांढरे ठिपके मिरवतो. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, अंग अधिक भरीव, पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले, नख्या मोठ्या. आणि तो दिवसा शिकार करतो, उघड्या फांदीवर बसून, सरडे आणि उंदीर. बाकी बहुतेक घुबडं झोपलेली असतात तेव्हा हा जागा. याच्याबद्दल आज आपल्याला जे माहीत आहे, ते फराह इश्तियाक, असद रहमानी, गिरीश जठार, प्राची मेहता, जयंत कुलकर्णी यांच्यासारख्या लोकांनी तोरणमाळ, मेळघाट, खंडवा-बऱ्हाणपूरच्या रानांत पायपीट करून १९९७नंतर गोळा केलं आहे. अवघ्या पंचवीस-तीस वर्षांतलं ज्ञान. आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो २०१८पर्यंत 'अतिसंकटग्रस्त' होता. माणसं शोधत राहिली, नवनव्या जागा सापडत गेल्या, म्हणून एक पायरी खाली 'संकटग्रस्त' झाला. नीट पाहिल्याने एका पक्ष्याचं भवितव्य कागदावर तरी सुधारलं, हे मला फार मोठं वाटतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला आम्ही निघालो. दंवाने पायवाट ओली होती, सागाची सुकलेली पानं पायाखाली वाजू नयेत म्हणून काका ओढ्याच्या वाळूतून नेत होते. पहिला तास फक्त आवाज. रानकोंबडा आरवला, मग सातभाईंचा गलका, मग एका बाजूने तांबटाची टुक्-टुक्. ऊन शेंड्यांवर आलं तसं काकांनी हाताने थांबायची खूण केली. समोरच्या वठलेल्या ऐनावर एक लहान घुबड पाठमोरं बसलं होतं. माझं काळीज धडधडायला लागलं. भाच्याने दुर्बीण माझ्या हातात दिली. घुबडाने मान वळवली. डोक्यावर ठिपकेच ठिपके. पिंगळा.

तासाभराने आणखी एक जोडी. तीही पिंगळ्यांचीच. दहा वाजता ऊन तापलं, काका म्हणाले, आता नाय. मी झाडाला टेकून बसले. वाईट वाटलं, ते लपवत नाही. दोन वर्षं त्या पक्ष्याचं वाचून वाचून तो मला ओळखीचा झाला होता.

भाचा कागद काढून लिहीत होता. मी विचारलं काय लिहितोस. त्याने दाखवलं. तारीख, जागा, सकाळी ६.१० ते १०.१५, तिघे जण, चाललेलं अंतर, जंगलाचा प्रकार, दिसलेले पक्षी. शेवटच्या ओळीत: रानपिंगळा — शोधला, दिसला नाही. तो म्हणाला, "मावशी, आमच्या सरांनी शिकवलंय, न दिसलेलंही लिहायचं. किती वेळ पाहिलं ते लिहिलं नाही, तर न दिसण्याला काही अर्थच नाही."

ही गोष्ट मला कॉलेजच्या तीन वर्षांत कुणी शिकवली नव्हती. 'नोंद नाही' असं पुस्तकात वाचलं की आपण 'तिथे नाही' असं समजतो. पण तिथे चार तास पाहून न दिसणं, चारशे तास पाहून न दिसणं, आणि कुणी गेलंच नाही म्हणून न दिसणं, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नकाशावर तिन्ही सारख्याच कोऱ्या दिसतात. त्या कोऱ्या जागेवर मग रस्ता आखला जातो, धरण आखलं जातं, आणि अहवालात लिहिलं जातं की इथे विशेष काही आढळलं नाही.

परतीचा रस्ता आहवा-वघई असा धरला. वघईला सागाचा मोठा बाजार होता, बिलिमोऱ्याहून इथवर गायकवाडांच्या काळात, १९१३ साली, छोट्या रुळांची गाडी आली ती मुख्यतः लाकडासाठी. वघईला १९६६ साली सुरू झालेलं वनस्पती उद्यान आहे, लोक तिथे जातात आणि जावंच. मी मात्र बागेबाहेर ओढ्याकाठची ओली माती पाहत फिरले. याच वघईचा पत्ता एका देवगांडुळाच्या नावापुढे कायमचा लिहिलेला आहे. देवगांडूळ दिसतं गांडुळासारखं, पण त्याला कणा आहे, जबड्यात दात आहेत. ते बेडकासारखंच उभयचर आहे, फक्त पाय नाहीत आणि मोठेपणीचं आयुष्य मातीत. एडवर्ड टेलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० साली वघईच्या नमुन्यावरून या जातीचं वर्णन केलं आणि तिला बॉम्बेचं नाव दिलं. त्याच वर्षी मे महिन्यात वघई गुजरातेत गेलं, प्राण्याच्या नावात मुंबई राहिली. पुढे अभ्यासाअंती कळलं की दक्षिणेकडच्या काही वेगळ्या नावांची देवगांडुळंही याच जातीची. म्हणजे पश्चिम घाटभर पसरलेल्या एका प्राण्याचं अधिकृत मूळ गाव हे, जिथे फारसं कुणी वाकून मातीत पाहत नाही.

माती, छत आणि रात्र, जंगलाच्या या तीन खोल्यांत आपण अजून शिरलेलोच नाही. जगातही तेच आहे. टेरी अर्विन यांनी पनामात एकाच जातीच्या १९ झाडांच्या शेंड्यांवर कीटकनाशकाचा धूर सोडून खाली पडलेले भुंगे मोजले. बाराशेच्या आसपास जाती निघाल्या. त्यावरून त्यांनी १९८२ साली अंदाज बांधला की उष्ण कटिबंधात कीटक आणि त्यांच्या भाऊबंदांच्या तीन कोटी जाती असाव्यात. पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा बराच खाली आणला. पण त्यातून निघालेला मुद्दा तसाच आहे. आपल्या सोबत राहणारे जीव किती, या प्रश्नाचं उत्तर कोट्यवधींच्या फरकाने बदलतं. आणि दूर पनामाला कशाला जायचं? आंबोलीत हिरण्यकेशीच्या मंदिराच्या कुंडात पिढ्यान्‌पिढ्या भाविक पाय धुतात. त्या पाण्यातला एक लहान मासा विज्ञानाला नवा आहे हे २०२० साली कळलं, आणि पुढच्याच वर्षी सरकारने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. माहिती आली की संरक्षण येऊ शकतं. तो क्रम उलटा होत नाही.

रात्री नऊला इच्छापोरला पोचलो. चिमणीवरची ज्योत लांबून दिसली. दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्या मुलीला उभं केलं आणि तिच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर फळ्यावर लिहिलं: तापीच्या दक्षिणेला पश्चिम घाट सुरू होतो तिथे रानपिंगळा राहतो. तिथे देवगांडूळ राहतं. तिथे पांढुरका शेकरू राहत होता. तिने वहीत उतरवून घेतलं.

नवापूर, नंदुरबार, धुळे, व्यारा, आहवा, बिलिमोरा, सुरत, या सगळ्या गावांत विज्ञानाची कॉलेजं आहेत आणि जंगल तिथून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर आहे. तिथल्या प्राध्यापकांना माझी हात जोडून विनंती आहे. दरवर्षी एका वर्गाला, पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा, त्याच त्या ओढ्यावर न्या. तारीख लिहा, वेळ लिहा, काय दिसलं ते लिहा, काय शोधलं आणि दिसलं नाही तेही लिहा. आणि ती वही पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हातात द्या.